आई नदी म्हणत नाही

पोर्ट एलिझाबेथ
दक्षिण आफ्रिका
२१ ऑगस्ट २०१७

प्रिय वुयिसेका,

तुमच्या एन्टाबेनीहून परत येऊन आठ दिवस झाले, तरी माझ्या बुटांतून लाल माती निघतेच आहे. आईनं बूट दाराबाहेर काढलेत. आम्ही पाच जण तीन आठवडे तुमच्या शाळेत फिल्मचं चित्रण, आवाज आणि कापणं-जोडणं शिकवत होतो, तेव्हा दिवसभर 'दादा, दादा' चालायचं. इथे स्टुडिओत मला कुत्रंही विचारत नाही. सवय वाईट लागली.

संस्थेचा नियम तुला माहीत आहे. शिकवून आलेल्यांनी मुलांशी फोनवर बोलायचं नाही, पत्र लिहायचं, तेही शाळेच्या पत्त्यावर. तेव्हा आता कामाचं लिहितो.

तुझी फिल्म मी चार वेळा पाहिली. अकरावीतल्या मुलीनं केलीय असं कुणाला वाटणार नाही. तुमच्या शाळेचं छप्पर चढलं तेव्हा तुझी आई धरून सव्वीस बायका पत्रे डोक्यावर घेऊन कशा आल्या, हे ती इतकं शांतपणे सांगते की माझ्या अंगावर काटा आला. प्रांताच्या शालेय स्पर्धेला मी ही पाठवणार आहे. जिंकणाऱ्याला आवाजाच्या कामाचं महिनाभराचं शिक्षण आहे, इथे, खऱ्या स्टुडिओत. तुला तेच हवं होतं ना? शेवटची तारीख १५ सप्टेंबर.

एकच अडचण आहे. ऐन मोक्याच्या वाक्यात आई म्हणते, "पत्रे डोक्यावर घेऊन आम्ही वाहती ओलांडली." वाहती म्हणजे काय? दोनदा ऐकल्यावर मला कळलं की नदी. परीक्षक दोनदा ऐकत नाहीत. तेवढं वाक्य साध्या शब्दात पुन्हा रेकॉर्ड कर. शाळेचा टॅब्लेट आहेच.

तुझा,
लुखान्यो दादा


एन्टाबेनी
२९ ऑगस्ट

प्रिय लुखान्यो दादा,

मुख्याध्यापिकाबाईंनी तुमचं पाकीट आधी उजेडात धरून पाहिलं आणि मग माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "जाड आहे. अभ्यासाचंच असेल." मी हो म्हटलं.

ते वाक्य बदलता यायचं नाही. माझ्या आजोबांचं, म्हणजे बाबांच्या वडलांचं नाव म्लाम्बो. म्हणजे नदीच. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि नावासारखा शब्दही घ्यायचा नाही, म्हणून आई नदीला वाहती म्हणते. थोरली काकूसुद्धा. आमच्या शेजारी सासऱ्याचं नाव पावसावरून आहे, तर त्यांची सून पावसाला 'वरचा' म्हणते. आभाळ भरलं की "वरचा आला, वरचा आला, कपडे काढा" असं ओरडत सुटते. आम्हाला हसू येतं, पण तिला कुणी चिडवत नाही.

आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी या घरची लेक, मला चालतं, मी दिवसातून दहादा नदी म्हणते. पण आईनं लग्न झाल्यापासून तो शब्द तोंडातून काढलेला नाही. पंचवीस वर्षं झाली.

तरी तुमच्यासाठी विचारून पाहिलं. ती घेवडा निवडत होती. हसली आणि म्हणाली, "तुझ्या शहरातल्या दादाला सांग, पोहता येत असेल तर वाहतीत उतर. नाव विचारत काठावर उभा राहू नकोस." म्हणजे नाही.

तुमची,
वुयिसेका


पोर्ट एलिझाबेथ
४ सप्टेंबर

प्रिय वुयिसेका,

तुझ्या आईनं मला चांगलंच बुडवलं. पण मी पडलो शहरात वाढलेला. आम्ही आणि आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, दोन खोल्यांत एकत्र राहायचो आणि माझी आई त्यांना नावानिशी हाक मारून अंघोळीच्या रांगेतून बाहेर काढायची. त्यांना काही झालं नाही. ते एक्क्याऐंशी वर्षं जगले.

थट्टा सोडून देतो. हे वाक्य फिल्मचा कणा आहे. तिथेच परीक्षक "काय म्हणाली?" म्हणून एकमेकांकडे बघणार, आणि तुझी मेहनत पाण्यात जाणार. आईला म्हणावं, टॅब्लेटला सासर नसतं. एकदाच म्हणायचं, मोजून एक शब्द. गावात कोण ऐकायला बसलंय? तिला समजावणं तुझ्या हातात आहे.

पंधरा तारीख विसरू नकोस.

तुझा,
लुखान्यो दादा


एन्टाबेनी
९ सप्टेंबर

प्रिय दादा,

काम झालं. टॅक्सीवाल्याकडे पेन ड्राइव्ह दिलाय, तो तुमच्या स्टँडवरच्या दुकानात ठेवेल. नवं वाक्य बसवलंय. कसं मिळालं ते विचारू नका, आईला लाज वाटते. घाईत आहे, गणिताची परीक्षा आहे.

आवाज नीट बसलाय का, तेवढं कळवा.

वुयिसेका


पोर्ट एलिझाबेथ
२ ऑक्टोबर

प्रिय वुयिसेका,

उड्या माराव्यात अशी बातमी आहे. तुझी फिल्म शेवटच्या बारांत आली! निकाल नोव्हेंबरअखेर लागेल. परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या की ते नदीचं वाक्य ऐकून त्या डोळे पुसत होत्या. बघ, मी काय म्हणत होतो?

शब्द नीट बसलाय. थोडा कोरडा वाटतो, पण तो आईच्या संकोचामुळे असणार. उलट शोभून दिसतो. तिला कसं वळवलंस ते तूच जाणे. माझ्याकडून तिला नमस्कार सांग आणि म्हणावं, पोरगा पाण्यात उतरला.

तुमच्या बाईंनी कळवलंय की सात तारखेला सगळ्या मुलांच्या फिल्म पालकांना दाखवणार आहेत. आईला पहिल्या रांगेत बसव.

तुझा,
लुखान्यो दादा


एन्टाबेनी
२४ ऑक्टोबर

प्रिय लुखान्यो दादा,

तुमचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं. लिहायला हात धजत नव्हता. आता सगळं सरळ लिहिते.

आईनं तो शब्द म्हटला नव्हता. तो मी केला, तुम्ही शिकवलंत तसाच. तिच्या तासाभराच्या बोलण्यात मक्याचा 'उम्बोना' होता, त्यातला 'म्बो' कापला. झोपेच्या 'लाला'तला 'ला' घेतला. सुरुवातीला 'उम' लावला, की झालं 'उमलाम्बो', नदी. तीन दुपारी शाळेच्या संगणकावर बसून जोडत होते. जमलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचले, हे लपवून काय करू? मला वाटलं, आईनं कुठे नाव घेतलंय, संगणकानं घेतलंय. तिला त्याचं काही लागणार नाही. परीक्षक शहरात बसणार होते. फिल्म गावात दाखवतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमचं पत्र आल्यावर आलं, आणि तेव्हाही मी गप्प बसले. बाईंना सांगितलं असतं तर फिल्म स्पर्धेतून गेली असती.

सात तारखेला सभागृह भरलं होतं. आई पहिल्या रांगेत नवी शाल घेऊन बसली होती. शेजारी थोरली काकू आणि पलीकडे पुरुषांत वेलिले काका, बाबांचे थोरले भाऊ. बाबा खाणीवर असतात, म्हणून आमच्या घरात काकांचा शब्द शेवटचा. ते वाक्य आलं. भोंग्यातून, आईच्या आवाजात, आजोबांचं नाव. काकूनं डोक्याचं फडकं ओढून तोंड झाकलं. मागे बायकांमध्ये "हे!" असं झालं. पोरांना काय कळतंय, ती टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मादलोमो, मी माझ्या कानांनी ऐकलं." मादलोमो म्हणजे आई, दलोमो कुळातली म्हणून.

आई म्हणाली, "भावजी, मला म्हटल्याचं आठवत नाही."

"माणूस विसरतं. मशीन विसरत नाही. आणि मशीनचं तुझ्याशी वैर नाही."

मग आई माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारलं, "आवाज माझाच आहे ना गं?"

मी म्हटलं, "हो, आई."

खोटं नव्हतं ते, दादा. आवाज तिचाच होता. तेवढंच बोलले.

सासऱ्याचं नाव घेतलेल्या सुनेनं माहेरी जायचं, तिथून बोकड घेऊन यायचं, तो कापला की तिला परत घरात घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली. तिला भाऊ एकच, आणि त्याच्या शेळ्या दुष्काळात गेल्या. बोकड यायचा कुठून? आज सोळा दिवस झाले. बाबांना काकांनी कळवलं, तर ते म्हणाले, "वडलांच्या नावाचं आहे, मी इथे बसून काय बोलणार?"

काल मामाचा निरोप आला. आई तिथे फारशी बोलत नाही. बोलायच्या आधी थांबते. मीठ मागायचं असलं तरी थांबते. म्हणते, माझ्या तोंडाचा मला भरवसा राहिला नाही.

काकांना सांगायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांना चहा करून देऊन परत आले. मला आई घरी हवी आहे, बाकी काही नको. काय करू ते सांगा.

वुयिसेका


पोर्ट एलिझाबेथ
३० ऑक्टोबर

प्रिय वुयिसेका,

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहितो. तो सांधा मला पहिल्यांदा ऐकतानाच जाणवला होता. आवाज कापणं आणि जोडणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, मला कसा नाही जाणवणार? 'ला' आणि 'म्बो' यांच्या मागे ऐकू येणारी हवा वेगळी होती. मी स्वतःची समजूत घातली की आईला संकोच झाला असेल, कारण मला फिल्म बारांत हवी होती. तू सतरा वर्षांची आहेस. मी सव्वीस वर्षांचा आहे. तेव्हा आपल्या दोघांत जास्त दोष कुणाचा, ते वेगळं सांगायला नको.

तुझ्या आईनं नाही म्हटलं होतं. तू मला ते लिहूनही कळवलं होतंस. आणि मी त्यावर विनोद केला. मला शरम वाटते.

मी काकांना पत्र लिहू का? स्टुडिओच्या कागदावर, शिक्का मारून, की हा आवाज जोडलेला आहे. फिल्मचं काय करायचं तेही सांग. तू म्हणशील त्या दिवशी काढून घेतो.

लुखान्यो


एन्टाबेनी
१३ नोव्हेंबर

प्रिय लुखान्यो दादा,

शिक्क्याचा कागद पाठवू नका. काकांनी आयुष्यात शिक्क्याच्या कागदावर एकदाच विश्वास ठेवला आणि बैल गमावला. तुमच्या पत्राची वाट न बघता मीच जायला हवं होतं.

आधी बाईंना सांगितलं. त्यांनी कपाटाची किल्ली काढून संगणक माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "ज्यानं केलंस त्यानंच निस्तर."

पाच तारखेला, रविवारी, काकांच्या अंगणात चार शेजारी बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "काका, आईनं नाव घेतलं नाही. मी तिचा आवाज तोडून जोडला." काका म्हणाले, "लेकीनं आईला वाचवावंच. पण मला शेंडी लावू नकोस. तोडायला तो काय खाटकाचा माल आहे?"

मी म्हटलं, "मग काका, तुम्ही बोला. काहीही बोला, मी नुसतं रेकॉर्ड करते."

बोलायला काकांना आग्रह लागत नाही. गोचिडांच्या औषधात सरकार पाणी घालतं इथून सुरुवात झाली ती शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत गेली. पाऊण तास बोलले. मी भिंतीकडे तोंड करून, कानाला हेडफोन लावून बसले. घाईत दोनदा चुकीचा तुकडा पुसला. तोवर काकूनं सगळ्यांना चहा दिला. मग मी लावलं. काकांच्या आवाजात, अगदी काकांच्या ठसक्यात: "मी चुकलो."

अंगणात कुणी कप खाली ठेवला नाही. काकू दारातून म्हणाली, "पुन्हा लाव."

मी लावलं.

"आणखी एकदा. तेहतीस वर्षं वाट बघतेय मी."

शेजारी पोट धरून हसायला लागले. काका हसले नाहीत. माझ्या समोर येऊन बसले आणि गळ्यावर हात ठेवून म्हणाले, "हे मी म्हटलं नाही."

"नाही, काका."

"पण हा मीच आहे."

"हो, काका."

ते उठले. मग काकूला म्हणाले, "मादलोमो आपल्या दारातून पायी गेली, आणि मी बघत उभा होतो." एवढंच. सोमवारी त्यांनी गाडी सांगितली. आपल्या गोठ्यातला बोकड त्यांनी स्वतः गाडीत चढवला. सासरच्यांनी सुनेच्या माहेरी बोकड नेलेला आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. रस्त्यात लोक थांबून बघत होते.

काका मामांच्या अंगणात आईपुढे बसले आणि माफी मागितली. मग माझी पाळी आली. आई सगळं ऐकून म्हणाली, "पुन्हा सांग. हळू सांग. मक्यातून काय घेतलंस?" मी सांगितलं. झोपेतून काय घेतलं तेही सांगितलं. तिनं ओठ हलवून दोन्ही शब्द मनात म्हणून पाहिले. मग विचारलं, "आणि मी आवाज माझाच ना विचारलं, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

मी हो म्हटलं. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

आई घरी आली आहे, दादा. स्वयंपाक करते, शेतावर जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते. पण कुणाच्याही हातात फोन दिसला की तिचं तोंड मिटतं. बाबांचा फोन आला तरी काकूच बोलते, आई नुसती शेजारी उभी राहते. ते बघवत नाही.

फिल्म काढून घ्या. मला ती कुठेच नकोय. इथली प्रत मी शनिवारी पुसून टाकणार आहे.

वुयिसेका


एन्टाबेनी
२७ नोव्हेंबर

लुखान्यो,

हे मी माझ्या हातानं लिहिते आहे. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षर सांभाळून घे. वुयिसेकाला लिहायला सांगितलं नाही.

तू माझ्या घरी मका-घेवडा खाल्लास, दोनदा वाढून घेतलास. तू म्हणालास, आई, पत्र्यांची गोष्ट सांगा, आणि मी सांगितली. मग तू एक शब्द मागितलास आणि मी नाही म्हटलं. हसून म्हटलं म्हणून ते नाही नव्हतं का? तू आता फिल्म काढून घेतलीस आणि माफी लिहिलीस, असं वुयिसेका म्हणते. माफी पोचली. तुझ्यावरचा राग अजून थोडा आहे, तो आपोआप जाईल.

भावजी आले, माझ्यापुढे बसले. मोठं मन लागतं त्याला. पण सभागृहापासून घरापर्यंत मला एकानंही विचारलं नाही की मादलोमो, तू म्हटलंस का? आणि खरं सांगू, मीही स्वतःला विचारलं नाही. पंचवीस वर्षं जपलेलं तोंड माझं, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, भोंग्यावर ठेवला. मला त्याचंच रडू येतं. बोकडाचं काही नाही.

त्या शनिवारी पोरगी ती फिल्म पुसायला बसली होती. मी म्हटलं, थांब. आम्ही सव्वीस जणी पत्रे घेऊन आलो, त्यातल्या नऊ आता नाहीत. त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, ना शाळेच्या भिंतीवर ना कुठे. पुसून काय मिळणार?

मला एक विचारायचं आहे. त्या दिवशी सभागृहात दुसऱ्या एका मुलीची फिल्म होती. तिचा आजोबा तोतरं बोलतो, तर तो बोलत असताना पडद्यावर खाली अक्षरं येत होती. सगळ्यांना कळत होतं. ही सोय तुमच्याकडे होती ना? मग तो शब्द माझ्या तोंडात का घातलात? खाली लिहायचा होता. तुम्ही दोघं एवढे शिकलेले, एकालाही सुचलं नाही.

वुयिसेकाला हे म्हटलं तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग डोकं धरून हसत सुटली. हसता हसता रडली. मग आम्ही बोललो, दीड महिन्यानं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा सगळं सांगितलं. टॅब्लेट काकूनं धरला होता. सुरुवातीला तोंड उघडेना. काकू म्हणाली, "बोल, मी आहे." मग बोलले. पहिली फिल्म तुमची होती, ही आमच्यासाठी आहे, तेव्हा घाई नाही. प्रत्येक तुकडा जोडून झाला की पोरगी मला ऐकवते आणि विचारते, "आई, असंच ठेवू?" दोन ठिकाणी मी नको म्हटलं. तिनं काढून टाकलं.

मी माझा शब्द म्हटला, वाहती. खाली लिहायचं काम तिचं. ती या घरची लेक आहे, तिला आजोबांचं नाव लिहिता येतं. तिनं एकेक अक्षर दाबून लिहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. वर माझं बोलणं चालू होतं, खाली त्यांचं नाव होतं.

मी ते वाचलं. मनात.

मादलोमो